नववी-दहावीचं जीवशास्त्र खेळातून: शंभर बिया, एक फासा आणि दोन अडचणी

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

मंडळी, इथे शिक्षक बरेच आहेत आणि पालक त्याहून जास्त, म्हणून इथेच विचारतो.

पूर्व विदर्भातल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. वर्गात साठाच्या वर पोरं. आनुवंशिकता आली की मेंडेल, वाटाणा, उंच-बुटका, पनेट चौकट (आई-वडिलांच्या जनुकांच्या शक्य जोड्यांचा चार घरांचा तक्ता), ३:१ हे ठरलेलं. चौकट सगळे भरतात. पण "आई-वडील दोघंही वाहक (म्हणजे आजाराच्या जनुकाची एकच प्रत असलेले, स्वतः आजारी नसलेले), पहिलं मूल आजारी निघालं, आता दुसऱ्याचं काय?" असं विचारलं की अर्धा वर्ग म्हणतो, "सर, आता पुढची तीन चांगली." चौकटीत घरं चार, म्हणजे मुलंही चार, असा हिशेब.

म्हणून हा भाग मी बियांनी खेळून घेतो. खेळ माझा नाही, परदेशातल्या शाळांत बरीच वर्षं चालतो. मी आपल्या सोयीने बदलून घेतलाय. एका गटाला एक कापडी पिशवी, तिच्यात ७५ लाल चवळ्या आणि २५ पांढऱ्या. न बघता दोन-दोन बिया काढायच्या, एक आईकडची, एक वडिलांकडची. जोडी म्हणजे एक मूल. लाल-लाल आली तर आजार नाही, पण मलेरियापासून संरक्षणही नाही. लाल-पांढरी म्हणजे वाहक, तो मलेरियात तगतो. पांढरी-पांढरी म्हणजे आजारी, खेळातून बाद. लाल-लाल आली की फासा टाकायचा, १ पडला तर मलेरियाने बाद. पिशवी रिकामी झाली की उरलेल्या बिया मोजायच्या, त्याच प्रमाणात पुन्हा १०० करायच्या (इथे त्रैराशिक लागतं, गणिताच्या बाई खूश) आणि पुढची पिढी सुरू. अर्ध्या गटांच्या गावात मलेरिया, अर्ध्यांच्या गावात नाही, म्हणून त्यांना फासाच नाही. जोड तासिकेत चार पिढ्या होतात.

गोंधळ होतोच. बिया बाकाखाली पळतात, कोणीतरी "सर, हा पिशवीत बघून काढतोय" म्हणून बोंब मारतं, शेजारच्या वर्गातून निरोप येतो. ते चालतं. अडचणी वेगळ्याच आहेत.

पहिली: मलेरियाच्या गावात पांढऱ्या टिकायला हव्यात आणि दुसऱ्या गावात घटायला हव्यात. प्रत्यक्षात फळ्यावर दोन्ही गावं जवळपास सारखीच घटताना दिसतात. एखादा गट तर उलटंच दाखवतो. का?

दुसरी जास्त नाजूक आहे. आजवर "एक आजार" एवढंच म्हणून खेळलो. पण हा सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार. नववीच्या 'आनुवंशिकता व परिवर्तन' धड्यात तो नावानिशी आहे आणि आमच्याकडे घराघरात माहीत आहे. यंदा शाळेत तपासणी शिबिर होणार आहे. नाव घेऊन खेळावं का? माझ्या वर्गात एएस पॅटर्नची (वाहक) मुलं नक्की आहेत, एसएसही (आजार असलेलं) असेल. त्याच्यासमोर "पांढरी-पांढरी बाद" कसं म्हणायचं?

खडूधूळ

छान धागा. आम्ही (पुणे, सीबीएसई) कहूट वापरतो. मुलं मोबाइलवर उत्तरं देतात, गुण पडद्यावर दिसतात, चुरस लागते. प्राण्यांचं वर्गीकरण, पेशीतली अंगकं, संप्रेरकं, सगळं होतं. खेळातून शिक्षण म्हणतात ते हेच ना? बियांची उस्तवार कशाला?

तिरकस_तात्या

बोर्डाच्या पेपरात चवळीवर किती गुण आहेत ते आधी सांगा. आमच्या काळी खेळ मैदानावर आणि जीवशास्त्र वहीत असायचं. दोन्हीत आम्ही काठावर पास, हा भाग वेगळा.

पाटीपेन्सिल

@तात्या, चवळीवर शून्य, आनुवंशिकतेवर भरपूर.

@खडूधूळ, कहूटला नाव ठेवत नाही, पण ती ढोल लावून घेतलेली तोंडी परीक्षा आहे. त्यातले प्रश्न काढून इतिहासाचे घातले तरी खेळ तसाच राहतो. बियांच्या खेळात नियम हेच जीवशास्त्र आहे. पिशवीतून न बघता एक बी काढणं म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजनात जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत युग्मकात (स्त्रीबीजात किंवा शुक्राणूत) जाणं. नियम बदलला की निकाल बदलतो, आणि निकाल का बदलला हे मुलांना शोधावं लागतं. साप-शिडीच्या पटावर जठर आणि यकृत रंगवून "पचनसंस्थेचा खेळ" म्हणून प्रदर्शनात मांडतात ना, त्याच्याशी माझं याच कारणाने जमत नाही. फासा पडला म्हणून सोंगटी यकृतात गेली, यात पोराला यकृताचं काय कळलं?

मंजिरी_म

थोडी असहमत. संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी ही नावं तोंडात बसायला घोटावीच लागतात आणि तिथे चुरशीचा खेळ चांगला. मी पत्ते केलेत. काही पत्त्यांवर प्राणी, काहींवर लक्षणं: नलिकापाद, सांधेयुक्त उपांगं, मऊ शरीरावर कवच. एका संघाचे चार पत्ते जमले की डाव लागला. तारामासा हातात घेऊन "मासा" म्हणून समपृष्ठरज्जूंत (ज्या संघात खरे मासे येतात त्यात) लावणारा पहिल्याच डावात पकडला जातो, आणि पुन्हा आयुष्यात ती चूक करत नाही.

सुरुवातीला याला वर्गात रमी म्हणत होते. एका पालकांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली की शाळेत जुगार शिकवतात. आता नाव 'जोडीदार शोधा'. खेळ तोच.

गणितवेडा

पहिल्या अडचणीचं उत्तर देतो. दोष मुलांचा नाही, फाशाचा आहे.

मलेरिया नसलेल्या गावात पांढऱ्यांचा टक्का २५ वरून पिढीगणिक साधारण २०, १७, १४ असा उतरतो. तुमच्या मलेरियाच्या गावात लाल-लालपैकी फक्त सहावा हिस्सा बाद होतो, तिथे २५ चे २२, २०, १९ होतात. म्हणजे घट दोन्हीकडे आहे, एकीकडे फक्त सावकाश. तो टक्का शेवटी १४ च्या आसपास थांबेल, पण तुमच्या चार पिढ्यांत ते दिसणार नाही.

आता योगायोग बघा. १०० बियांच्या ५० जोड्यांत पहिल्या फेरीला पांढरी-पांढरी साधारण ३ निघायला हव्यात. एका गटाला एकच निघाली तर पांढऱ्यांचा टक्का २३.५ राहतो, दुसऱ्याला पाच निघाल्या तर १६.७ वर येतो. दोन गावांमधल्या फरकापेक्षा हा फरक मोठा! मग फळ्यावर उलटसुलट दिसणारच.

उपाय दोन. एक, १, २, ३ यांपैकी काहीही पडलं की मलेरियाने बाद. मग टक्का २५ वरून २९, ३१, ३२ असा चढतो आणि ३३ वर स्थिरावतो. एक गाव चढतंय, दुसरं उतरतंय, हे शेवटच्या बाकावरूनही दिसेल. दोन, प्रत्येक गटाचा आकडा वेगळा मांडून झाल्यावर एका गावाच्या सगळ्या गटांची बेरीज करून टक्का काढा. योगायोगाचे चढउतार एकमेकांत जिरतात. आधी वेगळे मांडा हे मात्र नक्की. लहान गावात नशिबाचा खेळ मोठा असतो, हाही उत्क्रांतीतलाच धडा आहे.

खडूधूळ

पण निम्मे लोक मलेरियाने गेले असं दाखवणं चुकीचं नाही का? खरं प्रमाण तेवढं कुठे असतं?

गणितवेडा

नसतंच. पृथ्वीचा गोलही टेबलावर मावेल एवढा करतो आपण. मुलांना सरळ सांगा, की मलेरिया मुद्दाम भडक केलाय, कारण चार पिढ्यांत दिसायला हवा. किंवा शेवटी विचारा, "या खेळात खोटं काय काय आहे?" माझ्या मते तो प्रश्न खेळाइतकाच महत्त्वाचा.

चिंचोका

फोडलेले चिंचोके वापरा की! अष्टाचंग्याला वापरतो तसे. एका बाजूला काळं साल, दुसरी पांढरी. दोन्ही पालक वाहक असतील तर आईचा एक चिंचोका, बाबांचा एक. दोन्ही एकदम टाकायचे. दोन्ही पांढरे पडले तर मूल आजारी. धागाकर्त्याच्या "पुढची तीन चांगली" वाल्यांना दहा वेळा टाकायला लावा. चिंचोक्याला मागचं दान आठवत नाही.

गणितवेडा

@चिंचोका, कल्पना झकास, पण घरचे चिंचोके टाकून पाहिले. फोडलेला चिंचोका एका बाजूने फुगीर असतो, दोन्ही बाजू सारख्या पडत नाहीत. पाव शक्यता येणारच नाही. नाणी घ्या.

चिंचोका

म्हणूनच लहानपणी आजी जिंकायची. तिचे चिंचोके ठरलेले होते.

रानमोगरा

लाल बिया हव्या असतील तर आमच्याकडे गुंजा ढीगभर मिळतात, दिसायलाही सुंदर.

रक्ताचं_नातं

@रानमोगरा, गुंजा वर्गात अजिबात नकोत. बी फुटून किंवा चावून पोटात गेली तर जीवघेणं विष आहे ते. साठ पोरांच्या वर्गात कोण काय तोंडात घालेल सांगता येत नाही.

आता मूळ प्रश्न. मी लॅब टेक्निशियन, सिकलसेल तपासणीतच काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

नाव घ्या. न घेतल्याने काहीच लपत नाही, पोट्ट्यांना सगळं माहीत असतं, फक्त चुकीचं माहीत असतं. पण खेळात तीन गोष्टी सरळ करा.

पहिली: "वाहक मलेरियात तगतो" याचा अर्थ पोरं "वाहकाला मलेरिया होत नाही" असा घेतात. होतो. लहानपणी फाल्सिपेरम (मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार) गंभीर होऊन जीव जाण्याची शक्यता कमी होते, इतकंच. मच्छरदाणी त्यालाही लागते. आणि एसएस असलेल्याला तर मलेरिया जास्तच महागात पडतो.

दुसरी: शिबिरात बहुधा आधी सोल्युबिलिटी टेस्ट करतील. ती फक्त एस हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. एएस की एसएस हे तिच्यावरून कळत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. मधल्या काळात "पॉझिटिव्ह" हा शब्द शाळेत फिरतो आणि धडधाकट वाहक पोरगी घरी जाऊन रडते. तुमच्या खेळात लाल-पांढरी जोडी हातात घेऊन हे दाखवता येईल. पण खेळ शिबिराच्या आधी घ्या, निकाल येतात त्या आठवड्यात घेऊ नका.

तिसरी: "तुमच्यापैकी कोणाचा काय पॅटर्न आहे?" हा प्रश्न वर्गात कधीही नाही. हात वर करायला लावलेले मी पाहिलेत.

सध्या_न्यूजर्सी

इथे हायस्कूलला बायॉलॉजी शिकवते. हाच बियांचा खेळ आम्ही मण्यांनी घेतो आणि वर्गात सिकलसेल असलेली मुलं इथेही असतात, बहुतेक आफ्रिकन वंशाची. त्यांना "हा तुमचा आजार" वाटू नये म्हणून मी नकाशा आधी दाखवते: आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, अरबस्तान, भारत. १९५४ साली ॲलिसन या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत काम करून दाखवलं की जिथे मलेरिया जास्त तिथे हे जनुक जास्त. नकाशावर नकाशा ठेवला की मुलांच्या लक्षात येतं, की हा जातीचा किंवा वंशाचा प्रश्न नाही, डासाचा आहे. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला, तुमच्या मुलांना हेही सांगता येईल.

दहावीला प्रतिलेखन-भाषांतरण (जनुकावरून प्रथिन कसं बनतं ते) आहे ना? मग त्याच पिशवीने पुढे जा. पांढरी बी म्हणजे बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधल्या एका साखळीच्या) जनुकात जीएजी या तीन अक्षरांच्या जागी जीटीजी. एक अक्षर बदललं, सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते.

"नियम हेच जीवशास्त्र" यावर आठवलं: वॉशिंग्टन विद्यापीठाचा फोल्डिट हा संगणकावरचा खेळ, २००८ चा. प्रथिनाची साखळी पडद्यावर दुमडायची, जितकी ऊर्जा कमी तितके गुण जास्त. २०११ मध्ये खेळाडूंनी माकडांमधल्या एका रेट्रोव्हायरसच्या विकराची रचना सोडवून दाखवली, जी शास्त्रज्ञांना बरीच वर्षं सुटत नव्हती. त्यामागच्या प्रयोगशाळेचे डेव्हिड बेकर २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मानकरी. माझी मुलं तो खेळतात, पण वर्गाच्या वेळेत बसत नाही. चौकस दोन-तीन जण घरी जाऊन अडकतात, बाकीचे नुसते साखळ्या ओढत बसतात. बियांत तसं होत नाही, बी सगळ्यांच्याच हातात असते.

मैदानी

पीटीचा शिक्षक आहे, चालेल का? अमेरिकेतला 'ओह डिअर' हा खेळ आम्ही मैदानावर घेतो. दोन रांगा समोरासमोर, पाठी करून. एक रांग हरणांची, दुसरी जंगलाची. पोटावर हात म्हणजे चारा, तोंडावर हात म्हणजे पाणी, डोक्यावर हात म्हणजे आसरा. शिट्टी वाजली की वळायचं. हरणाला जे हवं ते समोर दिसलं की पळत जाऊन त्याला आणायचं, तेही पुढच्या फेरीला हरीण होतं. न मिळालं तर हरीण मरून जंगलात जातं. दर फेरीला हरणं मोजून आलेख काढा. हरणं वाढतात, चारा संपतो, धपकन पडतात, पुन्हा वाढतात. मध्येच जंगलवाल्यांच्या कानात सांगायचं, "या फेरीला पाणी कोणीच व्हायचं नाही." दुष्काळ. पर्यावरणाचा धडा घाम गाळून होतो.

वाचनमात्र

इथे सहसा फक्त वाचतो. पण विषय माझा आहे.

मी एसएस आहे. नोकरी करतो, लग्न झालंय. दहावीला सरांनी फळ्यावर चौकट काढली होती, चारपैकी शेवटच्या घरात एसएस लिहिलं आणि त्यावर लाल खडूने फुली मारली. म्हणाले, "हे जगत नाही." मी तिसऱ्या बाकावर बसून ते वहीत उतरवून घेतलं. फुलीसकट.

त्यामुळे नाव घेण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, जरूर घ्या. फुली काढा. "बाद" म्हणणार असाल तर कुठल्या काळात, तेही सांगा. औषधं, लसी, रक्त देण्याची सोय नव्हती तेव्हाचं ते गाव आहे. आज हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आहेत, माझे क्रायसिस (तीव्र दुखण्याचे झटके) त्यांनी खूप कमी झाले. पाणी भरपूर पितो, थंडी आणि ताप सांभाळतो. हे पण नियमात घाला. एवढंच.

मंजिरी_म

@वाचनमात्र, लिहिलंत हे फार बरं केलंत.

तिरकस_तात्या

तिरकस बोलायला काही सुचत नाहीये. धागा वाचनखुणेत साठवला.

पाटीपेन्सिल

@वाचनमात्र, @रक्ताचं_नातं, मनापासून आभार. नियम असे बदलतोय:

'बाद' हा शब्दच काढला. दोन गावांना काळ दिला: "शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं, दवाखाना नसलेलं". या गावांत पांढरी-पांढरी जोडीच्या बिया पुढच्या पिढीत जात नाहीत, एवढंच म्हणायचं. मग तिसरं गाव: आजचं, दवाखाना असलेलं, मलेरियावर उपचार असलेलं. तिथे तिन्ही जोड्या जगतात, सगळ्यांच्या बिया पिशवीत परत. आणि सुरुवात चौथ्याच खेळाने, नाण्यांच्या: दोन वाहक पालक, दोन नाणी. प्रत्येक जोडप्याची चार मुलं लिहून काढायची. कोणाकडे एकही आजारी नाही आणि कोणाकडे दोन-तीन, हे वर्गभर दिसलं की "पुढची तीन चांगली" आपोआप मोडेल असं वाटतं.

गणितवेडा

तिसऱ्या गावाबद्दल सावध करतो. तिथे पांढऱ्यांचा टक्का २५ चा २५ राहील. जुन्या बिनमलेरियाच्या गावात तो घटत होता. वर्गातलं हुशार पोरगं लगेच विचारणार, "सर, म्हणजे औषधामुळे आजार टिकतो?" याला उत्तर तयार हवं, नाहीतर लाल खडूची फुली मागच्या दाराने परत येईल.

सध्या_न्यूजर्सी

हा प्रश्न दरवर्षी येतो. मी त्यांच्याच पिशवीकडे बोट दाखवते. टक्का घटून १० वर आला की १० पांढऱ्यांतल्या सरासरी ९ वाहकांच्या जोडीत असतात, त्यांना कोणी बाद करतच नाही. म्हणजे आजारी माणसं मरू दिली तरी बी जात नाही, घट पिढीगणिक मंदावत जाते. आणि औषध असलेल्या गावात टक्का वाढलेला नाही, आहे तिथे राहिलाय. पिशवीतल्या बिया तेवढ्याच राहिल्या, पण माणसं जास्त जगली. मग मी विचारते, "या गावाला यश मोजायचं तर बिया मोजायच्या की माणसं?" त्यावर पंधरा मिनिटं सहज जातात. मधे बोलू नका, भांडू द्या.

रक्ताचं_नातं

याला जोडून: लग्नाआधीच्या तपासणीचा विषय पोरंच काढतील. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर गरोदरपणात पावशक्यता, एवढं नाण्यांनी कळलेलं असेलच. पुढे काय करायचं हे आपण सांगायचं नाही. समुपदेशक कुठे बसतात तो पत्ता फळ्यावर लिहा.

पाटीपेन्सिल

लिहितो. "बिया मोजायच्या की माणसं" हा प्रश्न उचलतोय, परवानगी गृहीत धरून. खेळ दिवाळीच्या सुट्टीनंतर घेईन, शिबिर त्यानंतर आहे. काय झालं ते इथेच टाकतो.

खडूधूळ

मीही घेऊन बघणार. एक शंका: लाल चवळी पांढरीपेक्षा बारीक असते ना? हाताला कळणार नाही का?

पाटीपेन्सिल

कळतं! म्हणून तर "बघून काढतोय" ची भांडणं, बघायची गरजच नसते. शिवाय चवळीला भुंगा लागतो, पुढच्या वर्षी अर्धी पिशवी पीठ. यंदा माळेचे मणी आणतोय, एकाच मापाचे, दोन रंगांचे. दुकानदाराकडून सुटे घ्या, ओवलेली माळ घेतली तर सोडवायला एक तासिका जाते.